छोटी न्हाणी, खोल टब : जपानी अंघोळीचा इतिहास आणि आपली तब्येत

"डॉक्टर, आम्ही बाथरूमचं काम काढतोय. तो जपानी पद्धतीचा खोल टब बसवला तर बाबांच्या गुडघ्यांना बरं पडेल का?" फ्लॅटचं नूतनीकरण करणारी मंडळी अलीकडे असं विचारू लागली आहेत. लांबलचक पाश्चात्त्य टबला आपल्या बाथरूममध्ये जागा नसते. हा टब मात्र लांबीला कमी, खोलीला जास्त आणि कोपऱ्यात मावणारा, त्यामुळे मोह होतो.

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. हा टब असा का झाला, हे समजून घेतलं की तो कोणाच्या घरात शोभेल आणि कोणाच्या घरात धोक्याचा ठरेल, हे आपोआप कळतं. म्हणून आज थोडा इतिहास, थोडं शरीरशास्त्र आणि शेवटी आपल्या घरासाठी काही सूचना.

आधी वाफ, मग पाणी

जपानमध्ये अंघोळीला आणि टबला 'फुरो' म्हणतात. आज हा शब्द ऐकला की गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण जुन्या काळी फुरो म्हणजे मुख्यतः वाफेची अंघोळ. बौद्ध मठांमध्ये मोठी स्नानगृहं असत आणि गोरगरिबांना, आजाऱ्यांना तिथे अंघोळ घालणं पुण्यकर्म मानलं जाई. नारा शहरातल्या होक्केजी मठात सम्राज्ञी कोम्यो (७०१–७६०) हिने एक हजार लोकांना स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली, अशी आख्यायिका आहे. गोष्ट खरी असो वा नसो, अंघोळ आणि आरोग्यसेवा यांचं नातं तिथे किती जुनं आहे, ते त्यातून दिसतं.

आजच्या टोकियोचं जुनं नाव एदो. तिथे १५९१ साली पहिलं सार्वजनिक स्नानगृह सुरू झालं, असं सांगतात. तेही वाफेचंच होतं. पुढे वाफ आणि गुडघाभर गरम पाणी अशी मिश्र पद्धत आली. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून आतला दरवाजा इतका बुटका ठेवत की वाकून आत शिरावं लागे. आत अंधार, कोंदट हवा आणि अस्वच्छ पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेईजी काळात, या बुटक्या दरवाजांवर बंदी आली. मग उजेडाची, उंच छताची, खोल पाण्याची स्नानगृहं सुरू झाली.

एदोतल्या सामान्य माणसाच्या घरात टब का नव्हता? कारण शहर लाकडी घरांचं होतं आणि आगीची भीती कायमची. शिवाय पाणी आणि सरपण दोन्ही महाग. त्यामुळे श्रीमंत दुकानदारसुद्धा सार्वजनिक स्नानगृहात जात.

बंबाचा जपानी भाऊ

तरीही काही घरांत आणि खेड्यांमध्ये टब आले. त्यातले दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. एक लाकडी पिंपाचा. त्यात धातूची नळी उभी बसवलेली असे, नळीत कोळसा पेटवायचा आणि भोवतालचं पाणी तापायचं. आपल्याकडच्या जुन्या घरांतला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना लगेच कळेल. फरक एवढाच की आपण बंबातलं पाणी बादलीत किंवा घंगाळात काढून घेतो, तर ते लोक थेट बंबातच बसत असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खाली जाळ असलेली मोठी लोखंडी कढई, 'गोएमोनबुरो'. इशिकावा गोएमोन नावाच्या दरोडेखोराला १५९४ साली क्योतोमध्ये कढईत उकळून मारलं होतं, त्याचं नाव या टबाला चिकटलं. कढईचा तळ चटका देणारा असतो, म्हणून पाण्यावर एक लाकडी फळी तरंगत ठेवायची आणि तिच्यावर पाय देऊन ती खाली दाबत आत बसायचं. जिप्पेन्शा इक्कू या लेखकाच्या १८०२ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या विनोदी प्रवासकथेत दोन भोळे प्रवासी ती फळी झाकण समजून काढून टाकतात. मग पाय भाजू नयेत म्हणून लाकडी खडावा घालून आत उतरतात आणि कढईचा तळच फोडतात. दोनशे वर्षांपूर्वीचे वाचक यावर खो-खो हसले असतील. मला मात्र त्यात बाथरूममधल्या अपघाताची नोंद दिसते. वस्तू नवी, तिचे नियम ठाऊक नाहीत, आणि पाय घसरतो किंवा भाजतो.

टब खोल का झाला?

याची कारणं रोजच्या अडचणींमध्ये आहेत. घर लहान, म्हणून टब आखूड. आखूड टबात पाय पसरता येत नाहीत, म्हणून गुडघे दुमडून बसायचं. बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत पाणी यायचं तर टब खोल हवा. खोल पाण्याचा वरचा उघडा पृष्ठभाग कमी असल्यामुळे ते लवकर निवत नाही आणि वर झाकण ठेवता येतं. सरपण वाचवायचं असल्यामुळे घरातले सगळे जण एकामागून एक त्याच पाण्यात बसतात.

पाणी सामायिक असल्यामुळे एक कडक नियम आला : टबात साबण नाही. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून अंग घासून स्वच्छ धुवायचं, मगच टबात उतरायचं. टब स्वच्छ होण्यासाठी नाही, तर ऊब घेण्यासाठी आहे. पारंपरिक जपानी घरात हिवाळ्यात सगळं घर तापवण्याची सोय नसे. रात्रीच्या अंघोळीने अंगात ऊब साठवून अंथरुणात शिरायचं, हाच उपाय.

इथे आपल्याशी एक जुळणारी गोष्ट आहे. पाश्चात्त्य बाथरूमची जमीन कोरडी ठेवायची असते. आपली न्हाणी किंवा मोरी मात्र ओली होण्यासाठीच असते. उतार दिलेला, जाळी बसवलेली, पाटावर बसून तांब्याने पाणी घ्यायचं. जपानी पद्धतीलाही नेमकी अशीच ओली जमीन लागते. म्हणून आपल्या बाथरूममध्ये पाश्चात्त्य टबपेक्षा हा टब सोयीचा वाटतो, तो उगाच नाही.

चाळिशी-साठीतली इमारत आणि विषारी वायू

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची प्रचंड टंचाई होती. १९५५ मध्ये जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झालं आणि त्याने उभारलेल्या वसाहतींमधल्या छोट्या छोट्या फ्लॅटमध्ये स्वतःचं स्नानगृह देण्याची प्रथा पडली. सामान्य नोकरदाराला घरातल्या घरात टब मिळाला, ही तेव्हा चैन होती. १९६३ च्या पाहणीत सुमारे ६० टक्के घरांत स्नानगृह होतं, २००८ मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं.

पण काँक्रीटच्या बंद फ्लॅटमध्ये टबाशेजारी गॅसची शेगडी पेटवणं हे जिवावरचं काम होतं. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. यावर १९६५ च्या सुमारास असा गॅस हीटर आला की जो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे आजही गॅस गिझरमुळे बंद बाथरूममध्ये माणसं दगावतात.

दुसरा बदल १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमुळे झाला. पाहुण्यांसाठी हॉटेल न्यू ओतानी घाईघाईने बांधायचं होतं, खोल्या हजाराहून अधिक. प्रत्येक बाथरूममध्ये फरशी, वॉटरप्रूफिंग, नळजोडणी करत बसायला वेळ नव्हता. तेव्हा टोटो कंपनीने कारखान्यात तयार केलेली बाथरूम आणून जागेवर जोडली. जमीन, भिंती आणि टब एकमेकांना जुळलेले, त्यामुळे गळती नाही. आज जपानी घरांत अशी तयार बाथरूम सर्रास दिसते. तिचा एक नेहमीचा आकार आतून १.२ मीटर गुणिले १.६ मीटर, म्हणजे साधारण चार फूट गुणिले सव्वापाच फूट आहे. आपल्याकडच्या अनेक बाथरूमही एवढ्याच असतात.

खोल पाण्यात शरीराचं काय होतं?

पाण्याला वजन असतं आणि ते सगळ्या बाजूंनी अंग दाबतं. पृष्ठभागापासून अर्धा मीटर खाली हा दाब पाऱ्याच्या सुमारे ३७ मिलिमीटर इतका असतो. आपलं ब्लड प्रेशर ज्या एककात मोजतात, तेच हे एकक. पायांतल्या आणि पोटातल्या नसा त्यामुळे दाबल्या जातात आणि त्यांतलं रक्त छातीकडे सरकतं. कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर सुमारे ७०० मिलिलिटर रक्त असं वर सरकतं, असं प्रयोगांत आढळलं आहे. पायांवरची सूज तात्पुरती उतरते, सांध्यांवरचा भार कमी होतो, हलकं वाटतं. गुडघेदुखीवाल्यांना बरं वाटतं ते याच कारणाने. शिवाय उबेने स्नायू सैल पडतात. पण हृदयाला मात्र तेवढं जास्त रक्त हाताळावं लागतं.

आता पाणी गरम असेल तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि रक्तदाब खाली येतो. माणूस पटकन उभा राहिला की पाण्याचा दाब एकदम जातो, पसरलेल्या वाहिन्यांतून रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. साध्या खोलीत चक्कर आली तर माणूस जमिनीवर पडतो आणि शुद्धीवर येतो. टबात तोंड पाण्याखाली जातं.

जपानने मोजलेली किंमत

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. जपानमध्ये घरातल्या टबात बुडून २००४ साली २,८७० आणि २०१४ साली ४,८६६ माणसं मरण पावली. त्यातली दहापैकी साधारण नऊ जणं ६५ वर्षांपुढची होती. त्याच २०१४ साली रस्ते अपघातांत ४,११३ मृत्यू झाले होते. म्हणजे रस्त्यापेक्षा घरातला टब जास्त जीवघेणा ठरला. टबात असतानाच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले धरले, तर एकूण आकडा कितीतरी मोठा होतो.

बहुतेक मृत्यू हिवाळ्यात होतात. उबदार खोलीतून थंडगार न्हाणीत जाऊन कपडे उतरवले की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. गरम पाण्यात शिरलं की तो झपाट्याने उतरतो. या हेलकाव्यात म्हाताऱ्या रक्तवाहिन्या टिकत नाहीत. गंमत म्हणजे जपानमधला सर्वांत थंड प्रांत होक्काइडो या बाबतीत बऱ्याच उबदार प्रांतांपेक्षा सुरक्षित आहे. तिथली घरं थंडी रोखण्यासाठीच बांधलेली असतात आणि न्हाणीही उबदार असते. म्हणजे बाहेरच्या थंडीपेक्षा न्हाणीतली थंडी घातक.

म्हणूनच जपानची ग्राहक व्यवहार संस्था नागरिकांना सांगते : आत जाण्याआधी कपडे बदलण्याची जागा आणि न्हाणी उबदार करा, पाणी ४१ अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवा, १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, एकदम उठू नका, दारू पिऊन किंवा जेवणानंतर लगेच जाऊ नका, आणि जाण्याआधी घरच्यांना सांगा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सुमारे ३० हजार मध्यमवयीन जपानी लोकांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, रोज टबात अंघोळ करणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा करणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. मुळात धडधाकट माणसंच रोज टबात बसत असतील, हेही शक्य आहे. झोपेबाबत २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात असं दिसलं की झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने निदान १० मिनिटं अंघोळ केल्यास झोप लवकर लागते. यासाठी टबच हवा असंही नाही. शॉवरनेही चालतं.

आपल्या घरात बसवायचा असेल तर

*आकार :* पारंपरिक जपानी टब सुमारे ६० सेंटिमीटर खोल आणि ८० ते १२० सेंटिमीटर लांब असतो. पाश्चात्त्य टब ४०–४५ सेंटिमीटर खोल. मधला प्रकार ५०–५५ सेंटिमीटर खोल असतो. घरात साठीपुढची माणसं असतील तर मधला प्रकार बरा. पाणी गळ्यापर्यंत न घेता छातीपर्यंतच घेतलं तर हृदयावरचा ताणही कमी.

*काठाची उंची :* खरी परीक्षा आत-बाहेर करताना असते. ६० सेंटिमीटर उंचीचा काठ ओलांडणं गुडघेदुखीच्या माणसाला जमत नाही. म्हणून जपानमध्ये टब थोडा जमिनीत बसवतात, म्हणजे बाहेरून काठ ४० सेंटिमीटरच्या आसपास, खुर्चीच्या उंचीचा राहतो. काठावर बसायचं, एकेक पाय आत घ्यायचा. आपल्याकडे संकन स्लॅब असेल तर हे जमू शकतं, पण वॉटरप्रूफिंग पक्कं हवं. भिंतीत घट्ट बसवलेला धरायचा दांडा आणि न घसरणारी फरशी, यात काटकसर नको. टॉवेल अडकवायचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही.

*वजन :* २५० लिटर पाणी म्हणजे २५० किलो. त्यात टब आणि माणूस धरला की साडेतीनशे किलोच्या वर भार जेमतेम एका चौरस मीटरवर येतो. निवासी इमारतीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापर-भार धरून आखलेला असतो. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. जुन्या इमारतीत तर दाखवल्याशिवाय नकोच.

*गरम पाणी :* २५ अंशांचं २५० लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला साडेचार युनिटच्या आसपास वीज लागते. २ किलोवॉटच्या गिझरला यासाठी दोन तासांहून अधिक वेळ लागेल. १५ लिटरच्या गिझरवर टब भरायची आशा धरू नका. सोलरचं पाणी असेल तर उत्तम. आत उतरण्याआधी थर्मामीटरने पाणी मोजा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

*गॅस गिझर :* मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर टब भरायला चाळीस मिनिटं चालू राहील. बंद बाथरूममध्ये हे जीवघेणं आहे. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. अंघोळ करताना डोकं दुखू लागलं, गरगरलं, हातपाय गळाले तर पाणी बंद करून ताबडतोब बाहेर या.

*कडी :* वृद्ध माणसाने आतून कडी लावू नये. बाहेरून उघडता येणारं कुलूप बसवा.

*लहान मुलं :* वापर झाला की टब लगेच रिकामा करा. रांगणाऱ्या, चालू लागलेल्या मुलाला बुडायला थोडंसं पाणीही पुरतं.

कोणी टाळावं, कोणी विचारून करावं

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत वारंवार दुखणारे, हृदयाची झडप खूप अरुंद झालेले, ब्लड प्रेशर आटोक्यात नसलेले आणि फिट्स येणारे यांनी खोल गरम टब टाळावा. गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अंग फार तापेल अशी अंघोळ करू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल तर चटका कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने तपासावं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गोळी स्वतःहून बंद करू नये.

आणि कोणाला पाण्यात बेशुद्ध पाहिलंत तर आधी टबाची झडप उघडून पाणी सोडा आणि तोंड पाण्याबाहेर धरा. मदतीला हाक मारा, १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर बाहेर काढून सीपीआर सुरू करा.

गुडघ्यांचं म्हणाल, तर काठ ओलांडता येत असेल, हृदय ठीक असेल आणि घरात कोणी हाकेच्या अंतरावर असेल, तर दहा मिनिटांच्या उबेने नक्की आराम वाटेल, पण गुडघ्याची झीज भरून येणार नाही. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर पाटाऐवजी भक्कम स्टूल, हाताशी दांडा आणि बादलीभर कढत नसलेलं गरम पाणी यातही पुष्कळ सुख आहे. टबासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी न घसरणारी फरशी करून घ्या.